वेढलं जाणं आणि तल्लीन होणं : जॅझच्या मुंबईवरचं इमर्सिव्ह थिएटर

गेल्या वेळी आपण एडवर्ड बुलोच्या 'मानसिक अंतर' या कल्पनेपाशी थांबलो होतो. १९१२ सालचा निबंध. समुद्रावर धुकं दाटलंय, भोंगे वाजताहेत, जहाजावरची माणसं धास्तावलीत. आणि त्यांच्यातलाच एखादा क्षणभर स्वतःची काळजी बाजूला ठेवतो, तेव्हा कुठे त्याला ते धुकं दिसायला लागतं. त्यानंतर दोघातिघांनी विचारलं की सर, हल्ली नाटकवाले हे अंतरच काढून टाकायला निघालेत, प्रेक्षकाला खुर्चीसुद्धा देत नाहीत, मग बुलोचं करायचं काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हवेत देण्यापेक्षा एक नमुना समोर ठेवून बोलू. नमुना म्हणजे इमर्सिव्ह थिएटर, आणि त्यातही मुंबईतल्या जॅझच्या दिवसांवर बेतलेलं.

'इमर्सिव्ह'ला मराठी शब्द शोधायचा खटाटोप मी करून पाहिला. शब्दशः गेलं तर 'बुडवणारं नाटक' होतं, आणि मराठीत बुडवणारं नाटक म्हटलं की निर्मात्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. तेव्हा इंग्रजी शब्दच राहू द्या. पण त्या शोधात एक उपयोगाची गोष्ट हाती लागली. आपल्याकडे दोन वेगळ्या क्रिया आहेत. एक, वेढलं जाणं. दुसरी, तल्लीन होणं. वेढलं गेलेला माणूस मध्यभागी असतो. चारी बाजूंनी काहीतरी आहे आणि मधे 'मी' शाबूत आहे. तल्लीन म्हणजे तत्-लीन, 'त्या'त विरलेला. तिथे मधे कुणी उरलेलंच नसतं. माझं म्हणणं असं आहे की इमर्सिव्ह थिएटर जाहिरात दुसऱ्या गोष्टीची करतं आणि पदरात बहुधा पहिली टाकतं. आणि जॅझसारखा विषय घेतला की ही फसगत नुसती सौंदर्यशास्त्राची राहत नाही, ती इतिहासाचीही होते.

या प्रकाराचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे पंचड्रंक या ब्रिटिश मंडळींचा 'स्लीप नो मोअर'. न्यू यॉर्कमध्ये तो २०११ साली सुरू झाला आणि जानेवारी २०२५ पर्यंत चालला. मुलीकडे गेलो असताना मीही पाहिला; पाहिला म्हणजे जिने चढलो आणि उतरलो. दारात पत्त्यातलं एक पान हातात देतात. मग अंधाऱ्या बोळातून चाचपडत तुम्ही एका बारमध्ये येता. लाल पडदे, छोटी टेबलं, तिसाव्या दशकातलं वाटावं असं जॅझ चालू. तिथून पांढरा मुखवटा चढवून तुम्हाला आत सोडतात आणि बजावतात, बोलायचं नाही. आत 'मॅक्बेथ' चालू असतं, जवळजवळ शब्दांविना, अनेक मजल्यांवर एकाच वेळी. साधारण तासाभराचं एक आवर्तन, आणि तेच पुन्हा पुन्हा. नट धावत सुटला की मुखवटेवाल्यांचा घोळका त्याच्यामागे. मुखवट्यामुळे तुम्ही भुतासारखे होता. तिथे आहातही आणि नाहीही. ही युक्ती कमालीची हुशार आहे, कारण बुलोचं अंतर खुर्ची काढून घेतल्यावरही मुखवट्याच्या रूपानं ठेवलेलं आहे. पंचड्रंकना तत्त्वज्ञान येतं की नाही ठाऊक नाही, धंदा येतो आणि नाटक येतं.

आता बघा, या नाटकाचं दार जॅझच्या बारमधून उघडतं, हा योगायोग नाही. लंडनमध्ये 'द ग्रेट गॅट्सबी'चा असाच प्रयोग झाला, त्यात प्रेक्षक विसाव्या दशकातले पोशाख करून येत आणि चार्ल्सटन नाच शिकत. या प्रकाराला जॅझचा काळ आवडतो. खोली आयती मिळते, दिवे मंद असतात, हातात पेला शोभतो, सगळ्यांनी नटूनथटून यायला निमित्त होतं. शिवाय नाचघरात माणसं उभीच असायची, त्यामुळे खुर्ची न देण्याचं समर्थनही आपोआप होतं.

तेव्हा हा प्रकार मुंबईत आल्यावर तो ताजच्या बॉलरूमकडे वळणार हे ठरलेलंच होतं. गेल्या हिवाळ्यात अशा एका संध्याकाळी मी गेलो होतो. नाव सांगत नाही. करणारी मुलं मेहनती होती आणि मला त्यांच्याशी नव्हे, त्यांच्या कल्पनेशी भांडायचंय. दारात प्रत्येकाला चिठ्ठी मिळत होती, आज तुम्ही कोण ते सांगणारी. माझ्या चिठ्ठीवर कापसाचा दलाल. शेजारच्या बाई संस्थानच्या राणीसाहेब. एक जण गिरणीमालक, एक हेर, दोन सिनेनट्या. साठ-सत्तर माणसांत वाढपी एकही नाही, हमाल नाही, आणि वाजवणारा तर नाहीच. वाजवणारे खरे होते, चौघं, एका कोपऱ्यात. त्यातला ट्रंपेटवाला मुलगा उत्तम होता. एका गाण्यात त्यानं एकट्यानं वाजवायला घेतलं, हळू, दबलेल्या आवाजात, आणि तेवढ्यात नायिका रडत शेजारच्या खोलीत पळाली. झालं, सगळे दलाल आणि गिरणीमालक तिच्यामागे. तो वाजवत राहिला. संपवून त्यानं वर पाहिलं तेव्हा समोर तिघं होतो, त्यातले एक गृहस्थ फोन चार्ज करायला जागा शोधत होते.

त्या प्रसंगाबद्दल मी नंतर बराच विचार केला. दिग्दर्शकाची चूक म्हणून सोडून देता येईल. पण मला वाटतं ती चूक नाही, तो त्या रचनेचाच परिणाम आहे. तुम्ही प्रेक्षकाला पाहुणा केलंत की तो पाहुण्यासारखाच वागणार. आणि पाहुण्याला बँड कधीच ऐकू येत नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. ताजमहाल हॉटेल १९०३ सालचं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन तिथे आला. त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड शिकागोतून निघून शांघायमार्गे इकडे आलेला. पुढे तो कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्यानं वारला. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात ही सगळी कहाणी जिव्हाळ्यानं सांगितली आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. आपल्या देशातल्या वर्णभेदातून सुटून आलेली ही कलावंत मंडळी ज्या शहरात वाजवत होती, त्या शहरातल्या काही क्लबांत हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं. हा पेच केवढा नाट्यमय आहे! आणि यांच्याच वाद्यवृंदांत गोव्याची पोरं वाजवायला लागली. फ्रँक फर्नांड त्यांतला एक. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ हा 'चिक चॉकलेट' झाला, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

ही पोरं आली कुठून? पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या, तिथे 'मेस्त्री' मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचा. शिकवायचा ते चर्चमधल्या संगीतासाठी. त्या शिदोरीवर ही मुलं मुंबईला यायची आणि कुडात उतरायची. कूड म्हणजे गावाच्या नावानं चालणारं वसतिस्थान. धोबीतलावला, माझगावला अशी कितीतरी होती. एक ट्रंक, एक पथारी, भिंतीवर गावच्या संताची तसबीर आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स. जहाजावरचा खलाशी, आचारी आणि सॅक्सोफोनवाला शेजारीशेजारी झोपायचे. म्हणजे रात्री जो माणूस पांढऱ्या जाकिटात राजेरजवाड्यांना नाचवत होता, तो पहाटे धोबीतलावला पथारीवर पडत होता. मुंबईचं जॅझ या दोन जागांच्या मधल्या रस्त्यावर आहे. बॉलरूम हा त्याचा फक्त अर्धा भाग, आणि तोही भाड्यानं घेतलेला.

आता मूळ प्रश्नाकडे. अभिनवगुप्तानं 'अभिनवभारती'त रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतली दोन आपल्या कामाची. एक विघ्न असं, की प्रेक्षक समोरच्या भावाला 'हे माझं' किंवा 'हे त्याचं' असं विशिष्ट देशकाळाला बांधून टाकतो. दुसरं, तो स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुरफटलेला असतो की दुसरीकडे मन जातच नाही. घरी पोराला ताप आहे आणि आई नाटकाला बसली आहे, अशी कल्पना करा. इमर्सिव्ह थिएटरची जाहिरात या यादीशेजारी ठेवून वाचा. 'आज रात्री हे तुमच्याच बाबतीत घडेल.' 'तुमची गोष्ट तुम्ही निवडा.' हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये ज्याला विघ्न म्हटलं, ते इथे तिकिटावर छापलेलं आहे!

पण थांबा, अभिनवगुप्त इतका सोपा नाही. दुसऱ्या विघ्नावर तो उपाय काय सांगतो? वाद्यं, गाणं, सजवलेला मंडप, चतुर गणिका. म्हणजे जवळजवळ नाचघरच की! तेव्हा 'सर, तुमचा अभिनवगुप्त तर आमच्याच बाजूनं बोलतोय', असं कुणी म्हणालं तर मी ते ऐकून घेईन. फरक कुठे आहे ते मात्र बघा. त्याच्या मते मंडप आणि संगीत हे सगळ्यांना सारखेच भोगता येतात, त्यांच्यावर कुणा एकाची मालकी नसते, आणि म्हणूनच त्यांच्या संगतीत माणूस स्वतःच्या कोशातून सुटतो. साधारणीकरणाची ती पूर्वतयारी आहे. माझ्या हातातल्या चिठ्ठीनं नेमकं उलट केलं. तिनं मला आणखी एक कोश दिला. मी आधीच एक निवृत्त प्राध्यापक होतो, आता वर कापसाचा दलालही झालो.

एक आक्षेप मीच घेतो, कारण तो जोरकस आहे. जॅझ ही त्या काळी नाचण्याची चीज होती. सहृदय रसिक मांडी घालून ऐकतोय, असं ताजमध्ये कधी नव्हतं. मग पाहुण्यांनी वाजवणाऱ्याकडे पाठ फिरवणं हे इतिहासाला धरूनच नाही का? अर्धवट खरं आहे. पण नाचणाऱ्याची पाठ आणि निघून जाणाऱ्याची पाठ यांत फरक असतो. नाचणाऱ्याची पावलं तालावर पडत असतात. वाजवणारा ती बघतो, लय चढवतो, उतरवतो, एखादं गाणं लांबवतो. तो संवादच आहे, तोंडानं न केलेला. आपल्याकडे तमाशात ढोलकीवाला आणि नाची यांचं जे चालतं, त्याच जातीचं.

आणि इथेच मला या नाट्यप्रकाराची खरी गोची दिसते. जॅझमध्ये चौकट ठरलेली असते. धून ठाऊक असते, स्वरसंघांची वाट ठाऊक असते. तीत आज काय भरायचं ते ठरलेलं नसतं. आपल्या ख्यालासारखंच. बंदिश तीच, विस्तार आजचा. इमर्सिव्ह प्रयोगात नटाचं सगळं ठरलेलं असतं, आणि ठरावंच लागतं, कारण वरच्या मजल्यावरचा खून आणि खालच्या मजल्यावरची मेजवानी घड्याळ लावून जुळवायची असते. न ठरलेली गोष्ट एकच, तुमचे पाय कुठे जाणार. म्हणजे उत्स्फूर्तता कलावंताकडून काढून घेतली आणि गिऱ्हाइकाला दिली. मला हे गमतीचं वाटत नाही. ज्या संगीताचा प्राणच वाजवणाऱ्याचं स्वातंत्र्य, त्याच्या नावानं चाललेल्या खेळात सर्वांत जास्त बांधलेला माणूस तोच. तो मुलगा रडणाऱ्या नायिकेसाठी थांबू शकत नव्हता आणि तिच्यामागे जाऊही शकत नव्हता. त्याला सूचनाबरहुकूम चौथ्या मिनिटाला पुढचं गाणं घ्यायचं होतं.

पुढे काय झालं हे तुम्हाला माहीत आहे, पण सांगतो. १९४९ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, नाचघरांची कमाई आटली आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथे त्यांची गरजही होती. संगीतकाराच्या डोक्यात चाल असायची, पण मोठ्या वाद्यवृंदासाठी ती स्वरलिपीत मांडायची कुणी? फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी चिक चॉकलेटला साथीला घेतलं, आणि भगवानदादांच्या १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तर चिक आणि त्याचा बँड पडद्यावरच दिसतो. एरवी ही मंडळी पडद्यावर नाहीत आणि श्रेयनामावलीतही अभावानंच. प्यारेलाल गोन्साल्विसांकडे व्हायोलिन शिकले, म्हणून गुरूचं नाव १९७७ मध्ये एका नायकाला मिळालं. देशभर ते नाव दुमदुमलं, पण हा खराखुरा माणूस आहे हे फारच थोड्यांना ठाऊक होतं. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला.

म्हणून म्हणतो, चिठ्ठ्या वाटताना कुणाला काय नाव मिळतं ही किरकोळ बाब नाही. ज्यांची नावं एकदा गाळली गेली त्यांच्यावरच नाटक करायचं आणि त्यांना पुन्हा कोपऱ्यात उभं करायचं, याला स्मरण म्हणता येत नाही. २०१५ च्या 'बॉम्बे व्हेल्वेट'चंही हेच झालं. श्रीलंकेत अख्खी जुनी मुंबई उभारली, अमित त्रिवेदीचं संगीत कान देऊन ऐकावं असं, पण कथा गुंडाची आणि गायिकेची. वाजवणारे मागे, धुरात. त्याच सुमारास आलेला बार्ड्रॉय बारेट्टोचा कोकणी 'नाचूंया कुंपासार' मात्र वादकाच्या बाजूनं उभा आहे. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या आयुष्याशी जवळचं नातं सांगणारी गोष्ट, आणि गाणी पेरींचीच. तिथे बँड म्हणजे सजावट नव्हे, तिथे बँड म्हणजे उपजीविका, मत्सर, प्रेम, सगळं काही. आणि तो बघायला मला कुणी उभं केलं नव्हतं. खुर्चीत बसून मी त्या खोलीत जास्त होतो.

नाटकाचं म्हणाल तर या माणसांचं स्वतःचं नाटक होतंच, आणि तेही याच शहरात जन्मलं. तियात्र. पहिलं तियात्र १८९२ साली मुंबईत झालं, गोव्यात नव्हे. अंक चालू आहे, मधेच पडदा पडतो, कुणीतरी पुढे येऊन 'कांतार' गातं, त्यात कधी नाटकाशी संबंध नसलेली राजकारणाची टिंगल, आणि रंगमंचाच्या पायथ्याशी बँड बसलेला. ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम्स. प्रेक्षक पसंतीची दाद देतात, पुन्हा गायला लावतात, गाणाऱ्याला कडवं वाढवावं लागतं. ख्रिस पेरींसारख्यांनी तियात्रांना साथ केली आहे. ज्या रचनेत प्रेक्षक खरोखर प्रयोग बदलू शकतो, ती रचना धोबीतलावच्या परिसरात शंभर वर्षं चालत आली आहे. आपले इमर्सिव्हवाले मात्र न्यू यॉर्कहून नकाशा मागवतात. आमच्या कोकणात दशावतारात संकासुर प्रेक्षकांत घुसतो, खोड्या काढतो, कुणाची टोपीही उडवतो. त्याला कुणी इमर्सिव्ह म्हटलं नाही, म्हणून बहुधा अनुदानही मिळालं नाही. असो.

मी या प्रकाराच्या विरोधात आहे असं समजू नका. हातभर अंतरावरून ट्रंपेट ऐकणं ही काय चीज असते ते त्या संध्याकाळीच मला कळलं. वाजवण्याआधी तो मुलगा श्वास कसा घेतो, पितळेवर बोटं कशी ठेवतो, मधे थुंकी कशी झटकतो, हे दहाव्या रांगेतून दिसत नाही. या प्रकाराचं बळ जवळिकीत आहे. प्रश्न एवढाच की जवळीक कुणाशी.

समजा, कुणी मला विचारलं (कुणी विचारत नाही, पण समजा), तर मी म्हणेन, प्रेक्षकाला बॉलरूमच्या पुढच्या दारानं आणूच नका. त्याला धोबीतलावला बोलवा. एका खोलीत वीस ट्रंका, वीस पथाऱ्या, कुणीतरी शर्टाला इस्त्री करतंय, कुणी भिंतीकडे तोंड करून आवाज दाबून स्केल वाजवतंय, कारण शेजारचा खलाशी झोपलाय. चिठ्ठी द्यायचीच तर तीवर लिहा, 'दुसरा ट्रंपेट'. मग त्याला बँडच्या मागे बसवा, तिथून नाचणाऱ्यांचे फक्त चेहरे दिसतील, आणि वादकाला सूचना नको, मोकळीक द्या. ज्या रात्री तो रंगात येईल त्या रात्री प्रयोग वीस मिनिटं लांबेल, आणि वरच्या मजल्यावरचा खून थोडा उशिरा होईल. एवढं झाल्यावर रात्री दीडच्या सुमाराला सगळ्यांना वाद्याची पेटी हातात देऊन अपोलो बंदरापासून धोबीतलावपर्यंत चालवत न्या. अर्ध्या तासाची वाट आहे. माझ्या गुडघ्यांना जमणार नाही. मी टॅक्सीनं येईन.

वेळ संपत आली आहे. तल्लीनता आणि साधारणीकरण यांतला संबंध मी घाईत उरकला. पुढच्या खेपेला रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'च्या आधारानं तो सावकाश घेऊ. आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतल्यांनी आधी, त्यांना नेहमी शेवटी संधी मिळते.